पेटी कुणी केली?

नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात एक चरखा एक लाख दहा हजार पौंडांना विकला गेला. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात वापरलेला आणि पुढे फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिलेला तो चरखा होता. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठळकपणे आली. चरखा कुणाचा, कुणाला दिला, कितीला गेला, हे सगळं तीत होतं. तो ज्या लाकडी पेटीत बसवलेला होता ती पेटी कुणी केली, हे मात्र कुठेच नव्हतं; तसं कुणी विचारलंही नव्हतं. खादीच्या इतिहासावर मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कोण किती तार काततो, सुताचा अंक किती, गुंडीला काय मजुरी पडते, याच्या नोंदी इतक्या काटेकोर आहेत की त्यावरून एखाद्याच्या हाताचा वेग काढता यावा. त्या नोंदींमध्ये सुतार शोधत गेलं, तर तो बहुधा खर्चाच्या रकान्यात सापडतो. हा लेख त्या रकान्याविषयी आहे, आणि वर्ध्याविषयी. कारण लाकूडकाम हे मुलांच्या शिक्षणाचं माध्यम करायचं असं ठरलं ते याच गावात, आणि ते बरंचसं कागदावर राहिलं तेही इथूनच.

पेटी चरखा ज्यांनी हाताळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंद असताना तो एक चपटी लाकडी पेटी दिसतो. हातात धरून गाडीत चढावं अशी. उघडला की आत दोन चाकं आडवी बसवलेली असतात, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या चाकाला मूठ. मोठ्या चाकावरून एक माळ लहान चाकाच्या कण्याकडे जाते आणि लहान चाकावरून दुसरी माळ चातीकडे. दोन टप्प्यांत वेग वाढतो, म्हणून एवढ्याशा जागेत चाती भणाणते. जुन्या उभ्या चरख्याचं भलंमोठं चाक जे काम करत असे ते इथे पेटीच्या तळावर दोन चाकं मिळून करतात. म्हणजे पेटी हे चरख्याचं नुसतं वेष्टन नाही. दोन्ही चाकांचे कणे तिच्या तळात रोवलेले असतात, चाती धरणारा मोढिया तिच्यातच उभा राहतो. तळाची फळी जराशी वाकली की चाकांची पातळी बदलते आणि माळ घसरायला लागते. कातणारा म्हणतो चरखा कुरकुरतोय. कुरकुरत असते ती पेटी.

हा चरखा १९३० नंतरच्या येरवड्याच्या तुरुंगवासांत आकाराला आला. त्याच्या आधी, १९२९ च्या जुलैमध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक होत्या. यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावं, बाईला आठ तास फारसं न थकता चालवता यावं, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांहून जास्त नसावी, वीस वर्षं टिकावं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. येरवड्याचा चरखाही त्या अटींत बसणारा नव्हता आणि तो त्यासाठी केलेलाही नव्हता. त्याने दुसरा प्रश्न सोडवला, बरोबर नेण्याचा. हा प्रश्न सोडवला तो मूलतः पेटीने, सुताराच्या विद्येने.

वर्ध्यात या विद्येला जागा होती. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्यासाठी दिली, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचं नाव मगनवाडी पडलं आणि जे. सी. कुमारप्पा तिथे येऊन राहिले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथे नाना प्रकारचे चरखे बघायला मिळतात. गोपुरीला ग्रामसेवा मंडळाच्या कार्यशाळेतही चरखे बनत आले आहेत. खादीवाल्यांच्या बोलीत या साधनांना ‘सरंजाम’ म्हणतात. मराठी वाचकाला तो शब्द ऐकून आधी पेशवाईतले सरदार आठवतात आणि क्षणभर गंमत वाटते. पण आपणही लग्नकार्यात ‘सगळा सरंजाम मांडला’ म्हणतोच, तोच हा अर्थ. मग चरख्याचा सरंजाम तयार करणारे हात आणि त्याच गावात तयार झालेली शिक्षणाची योजना, या दोहोंची गाठ पडली का?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह, आर्यनायकम आणि आशादेवी ही त्यातली काही नावं. समितीने डिसेंबरच्या सुरुवातीलाच अहवाल दिला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एका मूलोद्योगाभोवती. उद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकाम होतं, शेती होती, फळबाग-भाजीपाला होता, चामड्याचं काम होतं, आणि सुतारकामही होतं. रोजच्या साडेपाच तासांतले तीन तास वीस मिनिटं उद्योगाला. वर्षाचे कामाचे दिवस २८८. गुणाकार केला तर वर्षाला ९६० तास भरतात आणि सात वर्षांचे ६,७२० तास. चांगला कारागीर घडायला एवढा वेळ पुरेसा आहे. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. मूलोद्योग कोणताही असो, प्रत्येक मुलाला पिंजणं आणि टकळीवर सूत काढणं आलंच पाहिजे. कताईला असा दुहेरी मान होता. सुतारकामाच्या मुलाने कातायचं, पण कातणाऱ्या मुलाने पटाशी धरायचीच असं बंधन नव्हतं.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण वर्धा योजनेवरच्या मराठी लेखनात ती क्वचित येते. झाकीर हुसेन यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली, १९२६ मध्ये. म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ गेऑर्ग केर्शेनस्टाइनर यांच्या कार्यशाळेबद्दलच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. केर्शेनस्टाइनर आपला मुद्दा समजावताना एक उदाहरण देत असत, ते प्रसिद्ध आहे. मुलांनी स्टारलिंग पक्ष्यासाठी लाकडाचं घरटं करायचं. हा पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला. घरटं म्हणजे काय, तर एक लहान पेटी: चार बाजू, तळ, उताराचं झाकण आणि पुढे एक भोक. फळी किती लांब लागेल हे मुलाने आधी विचार करून ठरवायचं, मग मापायचं, कापायचं, जोडायचं. त्यात गुरुजींनी गुण देण्याची गरज पडत नाही. कोपरा काटकोनात नसेल तर फट दिसते. काम आपल्या चुका आपणच सांगतं, आणि मूल त्या स्वतः तपासायला शिकतं, हा त्यातला शैक्षणिक गाभा.

म्हणजे समितीच्या अध्यक्षांच्या वैचारिक घडणीत लहान लाकडी पेटीला जागा होती. वर्ध्याच्या योजनेचं चिन्ह मात्र टकळी झालं. असं का झालं याची उत्तरं बहुधा राजकारणात शोधली जातात: गांधीजींचा चरख्याचा आग्रह, काँग्रेस, खादी. ती खरी आहेत. माझं म्हणणं एवढंच की ती अपुरी आहेत. बरंचसं उत्तर लाकडातच आहे, आणि ते कळायला ओंडक्यापासून एक पेटी करून बघणं हाच चांगला मार्ग आहे.

मी तो धरला. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात एक वयस्क सुतार आहेत. तिकडे त्यांना वाढई म्हणतात. वादळात पडलेली कडुनिंबाची एक जाड फांदी त्यांच्या पडवीत आली होती. तीतला दीड हाताचा तुकडा मी मागितला आणि लगेच करवत मागितली. काका हसले. म्हणाले, “ताई, हे लाकूड अजून जित्तं हाय. आत्ता कापसान त पेटी आज होईन, अन् दिवाळीले तिचं तोंड उघडं पडन.” त्यांनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना शेण आणि मातीचा जाड लेप दिला. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यांत वेगाने जातं. तिथे ते लवकर आटतं, मधला भाग ओला राहतो आणि या ताणाने टोकं उलतात. लेपाने वेग कमी होतो. कुणी मेण लावतात, कुणी ऑइलपेंट. शेणमाती फुकट आहे.

मग पाचर ठोकून तुकडा उभा चिरला, आणि प्रत्येक अर्धा पुन्हा. नवशिक्याला हे विचित्र वाटतं. सरळ फळ्या का नाही पाडायच्या? कारण खोडाच्या मधोमध जो गाभा असतो, तो फळीत राहिला की फळी फाटतेच. “गाभा ठेवला का लाकूड दगा देते,” हे काकांचं वाक्य. त्यात पूर्ण भौतिकशास्त्र आहे. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने, ते थोडं आटतं. वर्तुळाच्या कडेने मात्र साधारण त्याच्या दुप्पट आटतं. गोल ओंडका या दोन वेगांत सापडतो आणि त्रिज्येवर चिरतो. चार फाका केल्या की प्रत्येक फाकेला मोकळेपणी आटायला वाव मिळतो. त्या फाकांतून त्रिज्येच्या दिशेने पाडलेली फळी सगळ्यांत शहाणी असते. ती कमी आटते आणि सपाट राहते.

फळ्या वाकसाने तासून काढल्या, हव्या त्यापेक्षा थोड्या जाड. मग त्या एकावर एक, मध्ये काड्या घालून, कवेलूच्या पडवीत सावलीला रचल्या. इंचभर जाडीला एक वर्ष, असा जगभरच्या सुतारांचा ठोकताळा आहे. पेटीच्या पातळ फळीला काही महिने पुरतात. पण हे काही महिने वर्ध्याचे असतात. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवेत ओल नावाला नसते. उघड्यावर ठेवलेल्या फळीच्या अंगावर आठवड्यात केसांसारख्या भेगा पडतात. म्हणून उन्हाळ्यात लाकूड वाळवायचं नसतं, सांभाळायचं असतं: आतल्या खोलीत, पोत्याखाली. मग जुलै येतो आणि तीच फळी हवेतली ओल पिऊन रुंदीला फुगते. फळी वाळली हे कसं ओळखायचं? दर आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की फळी कामाला तयार. नई तालीमच्या ‘समवाय’ पद्धतीचा, म्हणजे उद्योगातून विषय शिकवण्याचा, याहून सरस धडा मला सुचत नाही. वजनांचा तक्ता आहे, टक्केवारी आहे, आलेख आहे, हवेच्या आर्द्रतेचं विज्ञान आहे आणि तिन्ही ऋतूंचा भूगोल आहे.

त्यानंतर रंधा. फळीची एक बाजू सपाट करायची, तिला धरून एक कड, आणि मग गुण्या लावून बाकीचं सगळं त्या दोघींवरून मोजायचं. पहिली बाजू खरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. नवशिक्याचे बहुतेक दिवस इथेच जातात, आणि पटाशीला धार लावण्यात. कोपरे जोडायला दात पाडतात; पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात पाडले तर ओढूनही निघत नाहीत, साधे चौकोनी दात सोपे पण सरसावर विसंबणारे. पेटीची खरी खुबी मात्र तळात आहे. तळाची फळी चारही बाजूंना सरस लावून पक्की केली तर पावसाळ्यात फुगून ती कोपरे ढकलते आणि उन्हाळ्यात आटून मधून फाटते. म्हणून बाजूंना आतून खाच पाडून तळ तिच्यात नुसता सरकवायचा, रुंदीला थोडा वाव ठेवून. आजीच्या काळच्या फणेरपेट्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी तळाशी बोट फिरवून बघावं. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा सांभाळणारी ती पेटी अनेक घरांत शंभर पावसाळे काढून धड आहे, ती बहुधा याच कारणाने.

आता पेटी चरख्याकडे परत पाहिलं की त्याची अडचण दिसते. फणेरपेटीचा तळ सैल चालतो. चरख्याच्या पेटीचा चालत नाही, कारण चाकांचे कणे त्यावरच उभे आहेत. तळ हलू द्यायचा आणि तरी दोन चाकं आणि चाती एका पातळीत ठेवायची, हे दोन परस्परविरोधी हट्ट एकाच फळीने पुरवायचे. म्हणून त्याला साग लागतो. साग वाळताना आणि फुगताना इतर लाकडांपेक्षा खूपच कमी हलतो, त्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याचा एक दुर्गुण म्हणजे त्यात वाळूचा अंश असतो आणि तो हत्यारांची धार खातो. पण सागाचा सगळ्यांत मोठा दुर्गुण वनस्पतिशास्त्रात नाही, कायद्यात आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. कारण मुख्यतः कापूस. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा परदेशापर्यंत होतं. रुई इथे घरोघर होती. दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस त्याच आठवड्यात पिंजून पेळू करता येतो आणि संध्याकाळी टकळीवर चढतो. टकळीही काय, खापराची चकती आणि बांबूची काडी. शाळेला यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. सागाचं तसं नव्हतं. १८७८ च्या आणि मग १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातलं लाकूड सरकारी झालं, आणि लाकडाच्या वाहतुकीला पास लागू लागला. मध्य प्रांतात मालगुजारी होती. मालगुजाराच्या जंगलातून गावकऱ्यांना निस्ताराचा हक्क असे, म्हणजे घराला, नांगर-वखराला, सरपणाला लाकूड. निस्तार हा वापरापुरता हक्क होता, विक्रीचा नव्हता. या एका अटीत सुतारकामाची शाळा अडकते असं मला वाटतं. गांधीजींची अपेक्षा होती की मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. नांगराचा हाळस निस्तारात बसतो. विकायची पेटी बसत नाही. शाळा स्वावलंबी व्हायला निघाली की तिचं लाकूड व्यापाराचं लाकूड होतं आणि ते बाजारभावाने घ्यावं लागतं. सेगावचे मालगुजार खुद्द जमनालालजी होते, त्यामुळे सेवाग्रामला एखादी फळी मिळणं अवघड नसावं. पण योजना एका गावासाठी नव्हती, देशासाठी होती. (स्वातंत्र्यानंतरही फारसा फरक पडला नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आहे, आणि स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही शेतकऱ्याला परवानगी काढावी लागते. म्हणून मी कडुनिंब घेतला.)

दुसरी गोष्ट चुकीच्या किमतीची. नवशिक्या मुलाचं सूत जाड-बारीक निघतं, तुटतं; तरी त्याची दोरी होते, वात होते, खराब झालेला पेळू पुन्हा पिंजता येतो. दोन सूत आखूड कापलेली फळी मात्र आखूडच राहते. तिच्यामागे झाड आहे, वाळवण्याचे महिने आहेत, पासाचे पैसे आहेत. केर्शेनस्टाइनरच्या शाळेत मुलाचं घरटं वाकडं झालं तर ते झाडाला टांगायचं; पक्ष्याची तक्रार नसते. स्वीडनमधल्या नेस इथे ओट्टो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकात ‘स्लॉइड’ नावाची हस्तोद्योगाची पद्धत बसवली, तिथेही केलेली वस्तू मुलाने घरी न्यायची असे; विक्री हा हेतूच नव्हता. वर्ध्यात हिशेब मांडायचा होता. जिथे हिशेब मांडायचा तिथे मास्तर चूक करू देत नाही, आणि लाकूडकाम चुकल्याशिवाय येत नाही. गरीब देशाची शाळा पैसे कुठून आणणार, हा गांधीजींचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच्या उत्तरात कापूस बसत होता, लाकूड बसत नव्हतं.

आणि शिकवणार कोण? गावात सुतार होताच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त त्याची जागा दिसते: बलुतेदार, कुणब्याची अवजारं वर्षभर दुरुस्त करणारा, सुगीला खळ्यावर आपला वाटा मागणारा. बाभळीचा नांगर, तिवसाचं जू, धावड्याचा दांडा. कुठल्या कामाला कुठलं लाकूड, हे ज्ञान त्याच्याकडे होतं, लेखी नव्हतं. समितीच्या योजनेत शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि एक वर्षाचा छोटा प्रशिक्षणक्रम होता. त्यात प्रवेश घेणाऱ्याचं शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंत किंवा त्या तोडीचं असावं अशी अपेक्षा होती. सुताराला ती पार करणं शक्य नव्हतं. म्हणजे मॅट्रिक झालेल्या तरुणाने वर्षभरात रंधा शिकून मुलांना शिकवायचं, आणि ज्याच्या पाच पिढ्या रंध्यावर गेल्या त्याचा मुलगा समोर बसून ते बघणार. हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्यायला निघालेल्या योजनेने हाताने काम करणाऱ्याला शिक्षकाच्या खुर्चीपासून दूर ठेवलं. हा कुणाचा दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. शिक्षण म्हणजे आधी अक्षर, ही आपली सवय इतकी जुनी आहे की ती मोडायला बसलेल्या माणसांच्या मसुद्यातही शिरली.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “मंग त्या मास्तरले धार कोन लावून देये?” धार लावायला मास्तर सुताराकडेच आला असणार, हे आम्ही दोघांनीही न बोलता धरून चाललो.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. के. टी. शाह यांनी १९३७ च्या परिषदेतच आक्षेप घेतला होता की शाळांचा माल बाजारात आला तर तो धंदेवाईक कारागिरांच्या पोटावर येईल. शाळेला इमारत, कच्चा माल आणि सवलती मिळणार, कारागिराला काहीच नाही. सुताराच्या बाबतीत ही भीती सूतकताईपेक्षा जास्त खरी होती. सूत कातणारा स्वतंत्र वर्ग वर्ध्याच्या खेड्यांत फारसा उरलाच नव्हता. पुलगाव आणि हिंगणघाटच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. सुतार मात्र जिवंत होता आणि शाळेच्या स्वस्त पेट्यांनी त्याचं नुकसान झालं असतं. खुद्द समितीच्या अहवालानेही इशारा दिला होता की आर्थिक बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्यामागे लागतील आणि शिक्षण बाजूला राहील. तेव्हा सुतारकाम शाळांमध्ये फारसं रुजलं नाही, ही सुताराच्या दृष्टीने कदाचित बरी गोष्ट झाली. मला या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांची बेरीज करता येत नाही.

पुढचं थोडक्यात. १९५० च्या दशकात एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला. त्याला एकाहून जास्त चात्या आणि ताणयंत्राचे रूळ असतात. त्यात सुताराचं काम कमी आणि लोहाराचं, फिटरचं जास्त. पेटी चरखा हळूहळू नित्य कातणाऱ्यांपुरता, भेटवस्तूंपुरता आणि दोन ऑक्टोबरपुरता उरला. आरा मशीन तालुक्याच्या गावी आली, फळ्या तयार मिळू लागल्या, मग प्लायवूड आलं. सेवाग्रामला २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली आणि नई तालीमचा धागा तिने उचलला आहे. आर्वीच्या त्या पडवीत आता बैलगाडीची चाकं येत नाहीत. दारांच्या चौकटी येतात, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या.

माझी कडुनिंबाची पेटी एक वीत लांबीची झाली. तिच्यात मी पटाशीचा दगड ठेवते. ती करताना शिकलेल्या एका गोष्टीचा संशोधनाला उपयोग झाला. दात पाडण्याआधी काकांनी प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही फळ्यांवर आतल्या बाजूने पटाशीच्या टोकाने रेघा ओढायला लावल्या: पहिल्या कोपऱ्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. हाताने पाडलेले दात दुसऱ्या कोपऱ्यात बसत नाहीत, म्हणून जोडी ओळखण्याची ही खूण. त्यानंतर वर्ध्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांच्या घरातला जुना पेटी चरखा मला उघडून दाखवला. आजोबांनी त्यावर किती वर्षं काततं ठेवलं, कुठल्या सालच्या अधिवेशनात नेला, हे त्यांना सगळं पाठ होतं. मी चाकं काढायची परवानगी मागितली आणि विजेरी आत धरली. मोढियामागच्या कोपऱ्यात, शंभर वेळा तेल पुसलेल्या लाकडात, तीन बारीक रेघा होत्या. समोरच्या कोपऱ्यात चार.